मक्याचा साप : पाळूं इच्छिणाऱ्यांस चार शब्द

सापाचें नुसतें नांव निघालें तरी आपल्याकडे घरांतील माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष काठी शोधूं लागतो, दुसरा हात जोडतो. साप हा एक प्राणी आहे, त्यालाही भूक लागते, थंडी बाधते, भीति वाटते, असा विचार करणारा तिसरा पक्ष अजून लहान आहे; परंतु शाळांतून तो हळूहळू वाढत आहे ही समाधानाची गोष्ट होय. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलें सुट्टींत आजोळीं येतात, तेव्हां आपल्या वर्गांतील अमक्याच्या घरीं पाळलेला साप आहे असें सहज सांगून जातात. मग येथील भावंडांच्या मनांत प्रश्नांची गर्दी उसळते. तो चावत नाहीं काय? त्यास खावयास काय घालतात? दूध पाजतात काय? तो मालकास ओळखतो काय? आणि शेवटीं, आपणांसही तसा एखादा पाळतां येईल काय? हे प्रश्न चांगले आहेत आणि त्यांचीं उत्तरें थट्टेवारी न नेतां दिलीं पाहिजेत. कारण त्यांत एका मुक्या जिवाचें जगणें-मरणें गुंतलेलें असतें.

ज्या सापाविषयीं हीं मुलें बोलतात तो बहुधा कॉर्न स्नेक असतो. आपण त्यास मक्याचा साप म्हणूं. त्याचें शास्त्रीय नांव पँथेरोफिस गटाटस. त्यांतील दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ ठिपक्याठिपक्यांचा असा असून, स्वीडन देशच्या लिनीयस या थोर शास्त्रज्ञानें तो १७६६ सालीं या सापास दिला. हा मूळचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागांतला. उत्तरेस न्यू जर्सीपासून दक्षिणेस फ्लॉरिडापर्यंत आणि पश्चिमेस लुइझियानापर्यंत पाईनचीं रानें, माजलेलीं शेतें, पडकीं घरें, धान्याचीं कोठारें अशा जागीं तो आढळतो. मक्याशीं त्याचा संबंध काय, याविषयीं दोन मतें आहेत. मक्याच्या कोठारांत उंदीर फार आणि उंदरांमागून हा साप, म्हणून हें नांव पडलें, असें एक मत. त्याच्या पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी रंगीबेरंगी दाण्यांच्या कणसाप्रमाणें दिसतात म्हणून पडलें, असें दुसरें. मक्याचा एक दाणाही तो स्वतः खात नाहीं, हें मात्र दोन्ही पक्षांस मान्य आहे.

दिसण्यांत हा साप फार देखणा. नारिंगी किंवा तपकिरी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठसे डोक्यापासून शेपटीपर्यंत ओळीनें मांडलेले असतात. अंड्यांतून बाहेर पडलेलें पिल्लू शिसपेन्सिलीहून बारीक व सुमारें दहा-बारा इंच लांब असतें. दोनतीन वर्षांत त्याची बरीचशी वाढ होऊन तें तीन ते पांच फुटांचें होतें. त्यास विष नाहीं. भक्ष्यास दांतांनीं धरून त्याभोंवतीं वेटोळें घालावयाचें व आवळावयाचें, ही त्याची रीत. आवळल्यानें भक्ष्याचा श्वास कोंडतो असें पूर्वीं समजत. परंतु बोआ जातीच्या सापांवर केलेले जे प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाले त्यांवरून असें दिसून आलें कीं, त्या दाबानें भक्ष्याचें रुधिराभिसरणच कांहीं क्षणांत बंद पडतें.

नवख्या माणसानें पाळावयास हा साप बरा, असें जाणते लोक म्हणतात त्यास कारणें आहेत. तो स्वभावानें शांत असतो. अजगराप्रमाणें अवाढव्य होत नाहीं. त्याचें अन्न ठराविक व सोपें असतें. आणि पिढ्यानुपिढ्या माणसाच्या देखरेखीखालीं जन्मलेलीं पिलें विकत मिळतात. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रानांतून धरून आणलेला साप बुजरा असतो, त्याच्या पोटांत बहुधा जंत असतात, आणि मेलेला उंदीर तो पुष्कळदां तोंडांतच घेत नाहीं. पाळणाऱ्याच्या घरीं जन्मलेल्या पिलास या अडचणी क्वचितच असतात. म्हणून विकणाऱ्यास आधीं विचारावें, हें पिल्लू केव्हां जन्मलें, आतांपर्यंत किती वेळां जेवलें, शेवटचें कधीं जेवलें. आणि शक्य तर आपल्या डोळ्यांदेखत त्यास एकदां जेवूं घालण्यास सांगावें. जो विकणारा याचा राग मानील त्याच्याकडून कांहीं घेऊं नये.

या घरगुती पैदाशींत रंगांचे नाना प्रकार निघाले आहेत. त्यांतील एकांत काळा रंग मुळींच नसतो, आणि साप तांबडापांढरा व लाल डोळ्यांचा दिसतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस यांत एक मौज सांपडेल. ज्या नरमादींस हा गुण गुप्तपणें मिळालेला आहे तीं दोन्हीं दिसण्यांत साधीं असतात. तरी त्यांच्या पिलांपैकीं सरासरीनें चारांत एक अशा विनाकाळ्या रंगाचें निघतें. मेंडेल नांवाच्या ख्रिस्ती मठवासी शास्त्रज्ञानें मठाच्या बागेंत वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ सालीं जो नियम प्रसिद्ध केला, तोच हा. वाटाण्याचा नियम सापासही लागू पडावा, याहून सृष्टीच्या एकसूत्रीपणाचा पुरावा तो कोणता! परंतु रंगावर भाळून साप निवडूं नये. अंग भरलेलें, डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या आणि जीभ चपळपणें आंतबाहेर करणारें पिल्लू साध्या रंगाचें असलें तरी तेंच घ्यावें.

आतां आईबापांस उद्देशून दोन गोष्टी. पहिली ही कीं, मक्याचा साप नीट ठेवला तर पंधरा ते वीस वर्षें जगतो. बारा वर्षांच्या मुलानें हौसेनें आणलेला साप तो मुलगा कॉलेजांत गेल्यावर, कदाचित् नोकरीस लागल्यावरही, घरांत असावयाचा. तेव्हां पेटी कोण झाडणार, पाणी कोण बदलणार, हें आधींच ठरलें पाहिजे. आणि खरें उत्तर बहुतेक घरीं एकच असतें, ‘आई’. ज्या आईस सापाचें नांव सोसत नाहीं तिच्या घरीं मुलाच्या हट्टापायीं साप आणणें हा त्या आईवरही अन्याय आणि सापावरही.

दुसरी गोष्ट अन्नाची. साप शाकाहारी होत नाहीं. त्यास दूधभातावर वळविण्याचा यत्न करणें म्हणजे त्यास उपाशी मारणें होय. अमेरिकेंत सापांसाठीं गोठविलेले उंदीर दुकानांत मिळतात आणि ते घरच्या बर्फाच्या कपाटांत ठेवावे लागतात. मग ज्या घरांत आजीचें सोंवळें अजून चालतें, किंवा जेथें अंडेंही वर्ज्य आहे, तेथें हा उंदीर कोठें राहणार? कांहीं कुटुंबें त्यासाठीं निराळें लहान बर्फाचें कपाट ठेवतात, आणि सोंवळ्याचा विचार सोडला तरी आरोग्याच्या दृष्टीनेंही तेंच उत्तम. ज्यांस ही तडजोड मनापासून पटत नसेल त्यांनीं सापाच्या वाटेस जाऊं नये. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. ससा किंवा पोपट आणला म्हणजे त्याच्या अन्नाचा विचार सुचतो, सापाच्या बाबतींत मात्र तो साप घरीं आल्यावर सुचतो, हें वाईट.

येथवर मन पक्कें झालें तर पुढची पायरी साप आणण्याची नव्हे, त्याचें घर मांडण्याची. पुष्कळ उतावळे लोक आधीं साप आणतात आणि मग पेटीची चौकशी करतात. वस्तुतः पेटी आठ दिवस आधीं तयार करून, रिकाम्या पेटींत सकाळसंध्याकाळ उष्णतामापक पाहून तिचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. याचें कारण समजण्यास सापाच्या शरीराचा धर्म ध्यानांत घ्यावा लागेल. आपण जें अन्न खातों त्याचा मोठा भाग अंग ऊन राखण्यांतच खर्च होतो. सापाचें तसें नाहीं. तो आपली ऊब बाहेरून घेतो. उन्हांत तापलेल्या खडकावरून, जमिनीवरून, झाडाच्या ढोलींतून. त्यामुळें त्यास अन्न फारच थोडें लागतें, आणि आठवड्यांतून एक उंदीर त्यास पुरतो. परंतु या काटकसरीची एक किंमत आहे. बाहेर ऊब नसेल तर त्याच्या पोटांतील अन्न पचत नाहीं. थंड पेटींत जेवलेल्या सापाच्या पोटांत उंदीर कुजूं लागतो आणि दोनतीन दिवसांनीं तो ओकून टाकतो. असें वारंवार झाल्यास साप दगावतो. नवख्यांच्या हातून जे साप मरतात त्यांत उपासानें मरणाऱ्यांपेक्षां चुकीच्या उष्णतेनें खंगणारे अधिक असावेत, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

म्हणून पेटीचें एक टोंक ऊन व दुसरें थंड असलें पाहिजे. ऊन टोंकाची जमीन सुमारें ३० ते ३२ अंश सेंटिग्रेड, थंड टोंक २२ ते २५ अंश. यांपैकीं कोठें बसावयाचें हें सापास कळतें, तें आपण ठरवावयाचें नसतें. ऊब देण्यासाठीं पेटीखालीं विजेची चपटी तापपट्टी अगर वर जाळीआड दिवा लावतात. कोणतेंही साधन असलें तरी त्यास थर्मोस्टॅट म्हणजे उष्णता ठराविक अंशावर रोखणारें यंत्र जोडलेंच पाहिजे. ही काटकसर करण्याची जागा नव्हे. सापाच्या पोटाखालची पट्टी तापत गेली तरी तो पुष्कळदां तेथून उठत नाहीं, आणि त्याची कातडी भाजून निघते. खेळण्यांतल्या दगडाप्रमाणें दिसणारे विजेचे तापते खडक दुकानांत मिळतात. ते तर घेऊंच नयेत.

पेटींत लपण्याच्या जागा दोन हव्यात, एक ऊन टोंकाला आणि एक थंड टोंकाला. एक का पुरत नाहीं? साप हा लपून राहणारा प्राणी आहे. रानांत त्यास घार, रानमांजर, मोठे साप यांची सदा धास्ती. लपण्याची जागा एकच आणि तीही थंड टोंकाला असली, तर त्यास ऊब आणि निर्भयपणा यांतून एकाची निवड करावी लागते, आणि तो निर्भयपणा निवडतो. मग तो आडोशाखालीं गारठून बसून राहतो, अन्न पचत नाहीं, आणि मालक म्हणतो, माझा साप फार लाजाळू आहे! आडोसा मोठा ऐसपैस नको. वेटोळें घातल्यावर अंगास चहूंकडून भिंतींचा स्पर्श व्हावा एवढाच असावा. उपडें केलेलें, एका बाजूस दार कापलेलें खोकेंही चालतें. सापास त्याच्या कारागिरीचें कौतुक नसतें.

झाकणाविषयीं एकच गोष्ट सांगतों: ज्या फटींतून सापाचें डोकें जातें त्या फटींतून साप जातो. पिलाचें डोकें बोटाच्या पेराहूनही लहान असतें. नुसतें वर ठेवलेलें झाकण तो रात्रीं नाकानें ढकलून उचलतो; म्हणून कडी अगर पकड असलेलेंच झाकण पाहिजे. निसटलेला साप बहुधा उबेच्या मागें लागून एखाद्या यंत्राच्या पाठीमागें किंवा कपाटाखालीं सांपडतो; पण सांपडेपर्यंत घरांतील माणसांची जी अवस्था होते तिचें वर्णन न केलेलें बरें. पिलासाठीं पेटी लहान चालते. मोठ्या सापास मात्र अंग सरळ लांबवितां यावें, म्हणजे सुमारें चार फूट लांब व दोन फूट रुंद पेटी हवी, आणि तींत चढावयास एखादी फांदी. तळाशीं कागद पसरावा किंवा ॲस्पेन झाडाचा भुसा. सीडर व पाईन यांचा भुसा नको, त्यांच्या तेलकट वासानें सापास अपाय होतो. आंत अंग बुडवितां येईल एवढें पाण्याचें जड भांडें ठेवून पाणी रोज बदलावें. एका पेटींत एकच साप. सोबतीची आवड त्यास नसते. क्वचित् एक दुसऱ्यास गिळतोही.

साप घरीं आला म्हणजे पहिला आठवडा त्याच्याकडे दुर्लक्ष करावयाचें. लहान मुलांस हा नियम फार जड जातो. शेजारपाजारचे पाहुणे येतात, साप दाखवा म्हणतात, आणि बिचाऱ्या पिलास दिवसांतून चार वेळां बाहेर काढलें जातें. त्यास नवा वास, नवा प्रकाश, नवे हादरे. अशा स्थितींत तें अन्न घेत नाहीं, घेतलें तर टाकतें. पांच ते सात दिवस पाणी बदलण्यापलीकडे पेटींत हात घालूं नये. कुत्र्याचें पिल्लू घरीं आलें तर जवळ घेऊन त्याची भीति घालवितात. सापाची भीति दूर राहून घालवावी लागते. साप पाळण्यांतील पुष्कळशी विद्या अशी न करण्याचीच आहे.

आठवड्यानंतर पहिलें जेवण. पिलास अजून केस न फुटलेलें उंदराचें तान्हें पिल्लू, दर पांच ते सात दिवसांनीं एक. साप वाढत जाईल तसा उंदीर मोठा व दिवसांचें अंतरही मोठें. पूर्ण वाढलेल्यास दहा ते चौदा दिवसांनीं एक मोठा उंदीर पुरे. सापाच्या शरीराचा जो सर्वांत जाड भाग, तेवढा किंवा किंचित् अधिक जाड उंदीर असावा. गोठविलेला उंदीर रात्रभर थंड कपाटांत विरघळूं द्यावा, मग पिशवींत घालून ऊन पाण्यांत ठेवून गरम करावा, पुसावा आणि लांब चिमट्यानें सापापुढें धरावा. शिजवूं नये, मायक्रोवेव्हच्या भट्टींत तर मुळींच घालूं नये, तो कोठें थंड राहतो व कोठें शिजून फुटतो. जिवंत उंदीर पेटींत सोडण्याची चाल कांहीं लोकांत आहे. ती दोन्ही जिवांवर क्रूर आहे, कारण कोंडलेला उंदीर स्वतःच्या जिवासाठीं सापाचे डोळे व पाठ कुरतडतो.

जेवल्यावर दोन पूर्ण दिवस सापास हात लावूं नये. त्यानें अन्न ओकलें तर लगेच दुसरा उंदीर देऊं नये. पेटीची उष्णता तपासावी, दहा ते चौदा दिवस पोटास विश्रांति द्यावी आणि मग नेहमींपेक्षां लहान उंदीर द्यावा. एखाद्या वेळीं तो अन्नाकडे पाहतही नाहीं. कात टाकण्याच्या दिवसांत, किंवा मोठा नर असल्यास वसंत ऋतूंत, असें होणें स्वाभाविक आहे. मोठा साप कांहीं आठवडे न खातां सुखानें राहतो. लहान पिल्लू मात्र दोनतीन जेवणें लागोपाठ नाकारील तर चौकशी करावी. याकरितां एक वही ठेवावी: जेवणाची तारीख, कात टाकल्याची तारीख, आणि महिन्यांतून एकदां वजन. सापाच्या चेहऱ्यावरून त्याची प्रकृति समजत नाहीं, वहीवरून समजते.

आतां मुलांचा आवडता प्रश्न, हातांत धरण्याचा. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊं नये. घार अशीच येते. बाजूनें, खालून हात सरकवून अंगाच्या मध्यभागीं उचलावें व दोन्ही हातांवर त्याचा भार तोलावा. डोकें कधींही दाबून धरूं नये. आरंभीं पांच मिनिटें, पुढें दहापंधरा. आठवड्यांतून दोनतीन वेळां पुरे. लहान पिल्लू घाबरलें म्हणजे मानेची वळी करतें, शेपटी थरथरवितें, प्रसंगीं चावतेंही. त्या चावण्यानें टांचणी टोंचल्यासारखे बारीक ठिपके उमटतात. साबणानें धुतले म्हणजे झालें. हातास उंदराचा वास असेल तर मात्र साप हातासच उंदीर समजतो. यांत दोष वासाचा. हात धुणें आधीं आणि नंतरही आवश्यक आहे, कारण दिसावयास निरोगी अशा सापाच्या अंगावर व विष्ठेंत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात आणि त्यांपासून माणसास ज्वर व अतिसार होतो. पांच वर्षांखालील मुलांच्या हातीं साप देऊंच नये, आणि त्याचीं भांडीं स्वयंपाकघरांत धुवूं नयेत.

तो मालकास ओळखतो काय? खरें सांगावयाचें तर कुत्रा ओळखतो तसा नाहीं. जिभेनें हवेंतील वासाचे कण टिपून तो टाळूंतील एका इंद्रियास पोंचवितो, आणि रोजच्या हाताचा वास त्यास अपायकारक नाहीं एवढें त्यास संवयीनें कळतें. तो हातावर शांतपणें फिरतो याचा अर्थ त्यास भीति वाटत नाहीं इतकाच. ज्या मुलास प्रेमाची परतफेड हवी आहे त्यानें कुत्रा पाळावा. ज्यास परतफेडीवांचून एखाद्या जिवाकडे तासन् तास पाहण्यांत आनंद वाटतो, त्याच्यासाठीं साप आहे.

पाहण्यासारखा सर्वांत मोठा सोहळा कात टाकण्याचा. प्रथम अंगाचा रंग मंदावतो, मग डोळ्यांवर निळसर दुधी झांक येते. सापास पापण्या नसतात. डोळ्यावर कातडीचाच एक पारदर्शक पडदा असतो, आणि नवा पडदा तयार होतांना जुन्याखालीं द्रव सांचतो म्हणून ही झांक दिसते. त्या दिवसांत त्यास नीट दिसत नाहीं, तो चिडका होतो. त्यास शिवूं नये. मग डोळे पुन्हां स्वच्छ होतात, आणि थोड्याच दिवसांत तो खरखरीत फांदीवर नाक घासून कातडी मागें लोटीत, पायमोजा उलटा काढावा तशी अखंड कात उतरवितो. त्या कातेवर डोळ्यांच्या दोन चकत्या आहेत कीं नाहींत हें पाहावें. त्या डोळ्यांवरच राहिल्या असल्या, किंवा कात तुकड्यातुकड्यांनीं निघाली असली, तर हवा फार कोरडी आहे असें समजावें. ओलसर शेवाळ घातलेला एक डबा आडोसा म्हणून ठेवला म्हणजे बहुधा काम भागतें. नखांनीं ओढून काढूं नये. तोंड उघडें ठेवून श्वास घेणें, नाकांतोंडांतून बुडबुडे येणें, खवल्यांत काळे बारीक किडे दिसणें, हीं आजाराचीं लक्षणें होत. असा वैद्य, कीं ज्यास सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती आहे, आपल्या गांवीं आहे काय, हें साप आणण्यापूर्वींच विचारून ठेवावें. गुराढोरांच्या प्रत्येक डॉक्टरास ती असतेच असें नाहीं.

कंटाळा आला म्हणून पाळलेला साप रानांत सोडणें हा अक्षम्य अपराध आहे. तो एक तर मरतो, किंवा जगून तेथील पक्ष्यांचा व पालींचा काळ होतो. कॅरिबियन समुद्रांतील कांहीं बेटांवर हा साप माणसांमुळेंच जाऊन पोंचला व तेथें वस्ती करून राहिला. ऑस्ट्रेलियांत या भयानें त्यास पाळण्यासच बंदी आहे.

मग आपल्याकडे काय? भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानांतील सापांस संरक्षण दिलेलें आहे. नाग असो, धामण असो, कीं निरुपद्रवी दिवड असो, त्यास धरून घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. परदेशी साप बाहेरून आणावयाचा तर त्यास सरकारी परवानगी लागते. कागदपत्रांवांचून कोणी विकूं लागल्यास तो चोरटा माल समजावा. म्हणून येथील विद्यार्थ्यानें साप पाळण्याच्या भरीस न पडतां तो ओळखावयास शिकावें, हें योग्य. मक्याच्या सापाचा एक लांबचा नातलग आपल्या सह्याद्रींत आहे. त्याचें नांव तस्कर. तोही बिनविषारी, तोही उंदीर खाणारा, आणि कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत शास्त्रज्ञ त्या दोघांस एकाच प्रजातींत घालीत असत. दुधाचा प्रश्नही येथेंच संपवूं. दूध हें सापाचें अन्न नव्हे. नागपंचमीस गारुड्याच्या टोपलींतील नाग दूध पितो, कारण त्यास कित्येक दिवस पाण्यावांचून ठेवलेलें असतें. तहानेनें तो समोर येईल तें पितो आणि त्या दुधानें पुष्कळदां मरतो.

परदेशांतून येणाऱ्या भावंडांस एक गोष्ट आवर्जून सांगावी. पाळीव सापाची संवय झालेला हात रानसापाकडे चटकन् पुढें होतो. तिकडेही विषारी साप आहेतच. कॉपरहेड नांवाचा विषारी साप समजून लोक बिचाऱ्या मक्याच्या सापास ठार मारतात, आणि उलट चूकही होऊं शकते. आपल्याकडे तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे चार असतांना ही चूक परवडणारी नव्हे. मण्यार आणि कवड्या हे दोघेही काळसर अंगावर पांढऱ्या पट्ट्यांचे, रात्रीं फिरणारे, घरांत शिरणारे. पण कवड्या निरुपद्रवी आणि मण्यारीचा दंश प्राणघातक. भारतांत २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष माणसें मेलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आहे. घरांत साप दिसला तर दूर उभें राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वनखात्यास कळवावें. दंश झालाच तर चिरूं नये, आवळून बांधूं नये. तो अवयव न हलवितां रोग्यास थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत न्यावें.

अमेरिकेंतही सर्वत्र एकच नियम नाहीं. तेथील कायदे राज्याराज्यांत निराळे आहेत. न्यू जर्सी राज्यांत मराठी कुटुंबांची वस्ती बरीच आहे, आणि मक्याच्या सापाच्या प्रदेशाची उत्तरेकडील सीमाही तेंच राज्य. तेथील पाईन बॅरन्स नांवाच्या वाळवट जंगलांत तो अजून तग धरून आहे. परंतु इतका थोडा, कीं राज्य सरकारनें त्यास संकटांत सांपडलेल्या जातींच्या यादींत घातलें आहे. तेव्हां तिकडच्या मुलांनीं साप घेण्यापूर्वीं परवान्याची चौकशी राज्याच्या वन्यजीव खात्याकडे करावी. आणि तोच तांबडा ठिपक्यांचा साप एखाद्या संध्याकाळीं रानवाटेवर आडवा आला, तर त्यास वाट द्यावी.